गावांना पंच द्या : वडोदऱ्याच्या व्यायामशाळा आणि जिमखान्यांना खुले पत्र

प्रति,
वडोदऱ्यातील सर्व व्यायामशाळा, आखाडे, क्रीडा मंडळे आणि जिमखाने यांचे विश्वस्त, कार्यकारिणी सदस्य आणि जुने खेळाडू यांस,

सप्रेम नमस्कार.

मी याच शहरात वाढले, इथल्याच मैदानावर खो-खो शिकले आणि पुढची सगळी नोकरी जिल्ह्यातल्या गावांच्या शाळांत व्यायामशिक्षिका म्हणून केली. सावली, पादरा, डभोई या तालुक्यांत मला अजूनही ‘बेन’ म्हणून हाक मारणारी, आता स्वतः आईबाप झालेली माझी मुलं-मुली आहेत. निवृत्त झाले तरी थंडी पडली की कुठून ना कुठून बोलावणं येतं आणि ते बहुतेक वेळा एकाच कामाचं असतं. ‘बेन, सामने ठेवलेत, शिट्टी घेऊन या.’ बक्षिसं आणा, गणवेश आणा, पाहुणे आणा असं सहसा कोणी म्हणत नाही. त्यांना पंच हवा असतो.

म्हणून माझी मागणी आधीच सांगून टाकते. आपल्यापैकी प्रत्येक संस्थेनं दिवाळी ते होळी या काळात आपले जाणते खेळाडू पंच म्हणून जिल्ह्यातल्या गावांत पाठवावेत आणि त्या गावांमधूनच नवे पंच तयार करावेत. खेळाडू हेरून शहरात आणण्यासाठी जाऊ नका. फलक लावायला, फीत कापायलाही जाऊ नका. दुपारी जा, सामने चालवा, गावातल्या कोणाकडे दोन घास खा आणि परत या. पुन्हा पुढच्या महिन्यात जा.

ही मागणी मी दुसऱ्या कुठल्या शहराकडे एवढ्या हक्कानं केली नसती. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, पूर्वी दर चार कोसांवर बदलायचा. कुठे संजीवनी, म्हणजे समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला परत जिवंत. कुठे गामिनी, म्हणजे अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसून राहायचं. कुठे अमर, म्हणजे बाद झालेला मैदानातच उभा राहणार आणि फक्त गुण मोजले जाणार. दोन गावचे संघ समोरासमोर आले की अर्धा दिवस नियमांच्या वादातच जायचा. १९२३ साली हिंदविजय जिमखान्यानं या शहरात हुतूतूचे नियम छापले आणि अखिल भारतीय सामने भरवले. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, खो-खोच्या नियमांचं पुस्तक बडोद्यातून निघालं. पुण्यात डेक्कन जिमखान्यानं खो-खोची घडी बसवायला त्याआधी दहा वर्षं सुरुवात केली होती, पण पुस्तक आपल्याकडचं. द. चिं. मजुमदारांच्या संपादनाखाली दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश तयार झाला तोही इथेच. उस्ताद जुम्मादादांच्या हाताखाली घडलेल्या माणिकरावांनी ज्या व्यायाममंदिराला आपल्या उस्तादांचंच नाव कायम ठेवलं, ते १८८० पासूनचं व्यायाममंदिर आजही आपल्या शहरात आहे.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. आपल्या सभागृहांतल्या तसबिरींखाली ते लिहिलेलंही असतं. मी पुन्हा सांगते आहे ते अभिमान मिरवण्यासाठी नव्हे. त्या माणसांनी नियम छापले ते एकमेकांची ओळखदेख नसलेल्या माणसांना भांडणाशिवाय खेळता यावं म्हणून. ते काम शहरात पुरं झालं. १९३६ साली अमरावतीच्या मंडळींनी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली, १९९० साली कबड्डी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक होऊन भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही जिंकले. बडोद्याहून बीजिंगपर्यंत खेळ गेला. आपल्या शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या गावात मात्र नियम सांगणारा माणूस अजून पोहोचलेला नाही.

तो नसला की काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. महीकाठचं एक गाव आहे, नाव लिहीत नाही. उत्तरायण झाल्यावर तिथे फळियाफळियांत, म्हणजे वस्त्यावस्त्यांत, कबड्डीचे सामने व्हायचे. एका वर्षी एक मुलगा चढाई करून परत आला आणि म्हणाला, मी गडी मारला. समोरचे म्हणाले, मध्यरेषेआधीच तुझा दम तुटला. शिट्टी ज्याच्या हातात होती तो चढाई करणाऱ्याचा चुलतभाऊ. त्यानं गुण दिला. पुढे जे व्हायचं ते झालं, लाठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली. आणि ते तेवढ्यावर थांबलं नाही. सकाळ-संध्याकाळ दूध मंडळीवर, म्हणजे गावच्या दूध सोसायटीवर, दूध भरायला येणारी माणसं दोन वेगळ्या रांगा करून उभी राहू लागली. एका फळियाची माणसं दुसऱ्याच्या लग्नात जेवायला जाईनात. सामने बंद पडले ते कित्येक वर्षं.

त्या गावातल्या दोन मुलांनी, एकेका फळियातला एकेक, मला बोलावलं. मी कोणाचीच नातेवाईक नव्हते, एवढीच माझी लायकी त्यांना पुरेशी होती. मैदान शाळेच्या मागचं. फक्की कमी पडली तेव्हा समोरच्या घरांतल्या बायांनी चुलीतली राख घमेल्यात भरून आणून दिली आणि त्या राखेनं आम्ही बाजूच्या रेषा आखल्या. सगळं गाव जमलेलं, पण दोन बाजूंना. मध्ये मोकळी जागा. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात वाद आलाच. चढाई करणारा मुलगा कडेनं झेप घेऊन परतला, गडी मारल्याचा हात वर केला. मी त्यालाच बाद दिलं. कोणाला स्पर्श होण्याआधी त्याचा पाय मैदानाच्या कडेच्या राखीव पट्ट्यात पडला होता, आणि झटापट सुरू झाल्याशिवाय तो पट्टा खेळात येत नाही. त्याचं म्हणणं, टीव्हीवर असं चालतं. मी काही बोलले नाही, त्याला रेषेशी नेलं. राखेत त्याची टाच उमटलेली होती, पाचही बोटं पलीकडच्या मातीत. त्यानं वाकून पाहिलं, त्याच्या मागून त्याच्या फळियाचे चार-पाच जण येऊन पाहून गेले, आणि तो बाहेर जाऊन बसला. त्या दिवशी पुढे वाद झाले, पण प्रत्येक वेळी माणसं रेषेकडे बघायला लागली. गावात दुधाच्या रांगा दुसऱ्या दिवशी एक झाल्या असं मी म्हणणार नाही. सामने मात्र पुन्हा दरवर्षी होऊ लागले.

गावात खेळाचं काम काय, असं कोणी विचारलं तर लोक तब्येत, व्यसनमुक्ती, नोकरीतला क्रीडा कोटा अशी उत्तरं देतात. ती खोटी नाहीत. पण गावात राहून मला जे दिसलं ते वेगळं आहे. आपल्या गावांची वस्ती अजून जातीजातींच्या फळियांत आहे. विहीर, मंदिर, स्मशान, पंगत, प्रत्येक जागी कोणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असतं, आणि लहान मूल ते न सांगता शिकतं. कबड्डीत पकड करायची तर समोरच्याच्या कंबरेला मिठी मारावी लागते, त्याचा घाम आपल्या अंगाला लागतो, त्याच्या छातीवर आपलं डोकं आपटतं. साखळी करायची तर शेजारच्याचा हात धरावाच लागतो. वणकरवासातल्या, म्हणजे दलित विणकरांच्या वस्तीतल्या, मुलाचा हात सोडून पटेलांच्या मुलाला कोपरा सांभाळता येत नाही. मैदानावरून घरी गेल्यावर आजी काय म्हणते ते मला माहीत आहे. तरी ज्यांनी एकदा एकत्र सात जणांत उभं राहून लोण चढवलं, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केला, त्यांच्या वागण्यात पुढेही फरक राहतो. मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये तो पाहिला आहे. १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि ते आजच्या सयाजीबागेत झाडाखाली बसले. त्या शहरात मराठी माणसांनी चालवलेल्या संस्थांनी स्पर्शाचा खेळ गावात नेण्याचं काम अंगावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पण हे फक्त खेळ ठेवल्यानं होत नाही. पंच आपल्या बाजूचा नाही असं एका फळियाला वाटलं की तोच खेळ दुरावा वाढवतो. म्हणून गरीब फळियाचा संघ अनेकदा उतरतच नाही. ‘बेन, निकाल आमच्या विरुद्धच जाणार, मग पोरांना मार कशाला खाऊ घालायचा?’ हे मी एका बापाच्या तोंडून ऐकलं. त्याच्याकडे द्यायला माझ्याजवळ एकच उत्तर होतं : मी उभी राहते.

आता मुलींबद्दल. हे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण माझं आयुष्य त्यात गेलं.

आठवीपर्यंत शाळा गावात, पुढची हायस्कूल पाच-सहा किलोमीटरवर. मुलीला एकटी सायकलवर पाठवायला घरचे तयार नसतात. इथेच शाळा सुटते आणि मग लग्नाची बोलणी. ज्या गावांत मुलींचा खो-खोचा संघ उभा राहिला तिथे मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. संघातल्या मुली नववीला एकत्र गेल्या. बारा जणी असल्या की बापाला भीती वाटत नाही, आणि एकीची शाळा सोडवायची म्हटलं तर बाकीच्या अकराजणी दारात येऊन उभ्या राहतात. आया ओट्यावर बसून सराव बघायला लागतात. पहिल्या आठवड्यात त्या फक्त मुलीची ओढणी नीट आहे ना ते बघतात. महिन्याभरानं त्याच आया ‘खो दे, खो दे!’ असं ओरडत असतात.

खो-खो हा गावच्या मुलींसाठी इतका योग्य खेळ का, हे आपल्याला सांगायला नको. दोन खांब आणि थोडी फक्की, बस्स. मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे शाळेच्या अंगणात मावतं. आठजणी एकाआड एक उलट तोंड करून बसणार, नववी पळणार. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, उठून एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे वळायचं नाही, मधल्या पट्टीला पाय लावायचा नाही. खो देताना पाठीला हात आणि तोंडचा शब्द एकाच वेळी. एवढे बारीक नियम पाळत जीव तोडून धावायचं. ज्या मुलीला घरात कोणी मोठ्यानं बोलू दिलेलं नाही, ती इथे दिवसातून शंभरदा मोठ्यानं ‘खो’ म्हणते. डांग जिल्ह्यातल्या कराडीआंबा गावची सरिता गायकवाड आधी खो-खोच खेळायची, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, मग धावण्याकडे वळली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चार बाय चारशे मीटर रिलेचं सुवर्ण घेऊन आली. तिचं मला फार कौतुक आहे. पण प्रत्येक गावातून सरिता मिळावी म्हणून आपण जायचं नाही. मिळाली तर आनंद. नाही मिळाली तरी त्या बाराजणींना नियमानं चालवलेला सामना मिळायलाच हवा.

आणि आता जी गोष्ट सांगते, तिच्यामुळेच हे पत्र लिहायचं मनानं घेतलं. पादरा तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी गुडघा दुखावल्यामुळे संघातून बाहेर बसली. रिकामी बसू नये म्हणून मी तिच्या हाती गुणपत्रक दिलं. मग घड्याळ दिलं, मग एका बाजूची शिट्टी. तिला नियम तोंडपाठ झाले, आणि तिचं लक्ष पायांवर राहायचं, चेहऱ्यांवर नाही. पंचाला हेच लागतं. दोन वर्षांनी शेजारच्या गावात मुलांचे सामने होते. मी मुद्दाम बाजूला बसले आणि तिला मधे उभं केलं. सामन्याच्या दुसऱ्या डावात तिनं सरपंचांच्या घरच्या मुलाचा फाऊल धरला, त्यानं खो देण्याआधी पुढचा गडी उठला होता. मुलगा तिच्याकडे रागानं बघत राहिला. ओट्यावर बसलेले एक पागोटेवाले काका, ज्यांनी सकाळी मला ‘छोकरीला कशाला उभी केली’ असं विचारलं होतं, तेच तिथून म्हणाले, ‘सीटी वागी एटले पत्युं.’ म्हणजे शिट्टी वाजली की विषय संपला. खेळ पुढे चालू झाला. त्या गावात एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीच्या निर्णयावर एवढे पुरुष गप्प बसल्याचं त्याआधी कधी घडलं असेल, असं मला वाटत नाही.

क्रिकेटबद्दल मला कडवटपणा नाही. आपलं शहर हजारे, गायकवाड आणि पठाण बंधूंचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोडिया तालुक्यातल्या कोटंबीच्या नव्या स्टेडियमवर भारत आणि वेस्ट इंडीजच्या महिलांचे एकदिवसीय सामने झाले तेव्हा गावच्या मुली ते बघायला गेल्या, याचा मला आनंदच आहे. पण गावातल्या टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धांत मुलींना जागा नसते, प्रवेश फी भरू न शकणारे वगळले जातात, आणि दोनशे माणसं बावीस जणांचा खेळ बघतात. कबड्डीला १३ बाय १० मीटर जागा पुरते. गावाचं गोचर, म्हणजे गायरान, आक्रसत चाललं आहे, शाळेचं फाटक पाच वाजता बंद होतं, तरी एवढी जागा अजून निघते. २०१४ पासून टीव्हीवर कबड्डी दिसायला लागल्यानं मुलांना चढाया आणि पकडी पाठ आहेत. फक्त कोणता नियम टीव्हीच्या स्पर्धेचा आणि कोणता सर्वत्र लागू, हे सांगणारा कोणी नाही, म्हणून नव्या पिढीचे वाद जुन्यांपेक्षा जास्त.

गुजरात सरकारचा खेल महाकुंभ हा क्रीडा महोत्सव २०१० पासून होतो, आणि त्यानं खूप केलं आहे. शाळांना संघ पाठवावे लागतात, मुली घराबाहेर पडतात, तालुक्यावरून जिल्ह्यावर जातात. पण तो हरत जाणाऱ्यांना गाळत पुढे जाणारा मोठा उत्सव आहे. पहिल्या फेरीत हरलेल्या संघाचा खेळ त्या दिवशी संपतो, आणि असे संघच जास्त असतात. गावाला जे लागतं ते शेजारच्या तीन-चार गावांशी थंडीभर चालणारे सामने, हरलो तरी पुढच्या महिन्यात पुन्हा खेळायचं, अशा हिशोबाचे. त्याला सरकारी योजना नको. माणसं हवीत.

ती माणसं आपल्याकडे आहेत. संध्याकाळी सुरसागराच्या काठावर, दांडिया बाजारात, आपल्या संस्थांच्या कट्ट्यांवर साठीच्या पुढचे कितीतरी खेळाडू बसलेले मी बघते. कोणी विद्यापीठाकडून खेळलेलं, कोणी राज्याकडून, कोणी पंच परीक्षा उत्तीर्ण. त्यांची मुलं पुण्याला, परदेशात. गुडघे पूर्वीसारखे नाहीत, पण नजर शाबूत आहे. उन्हाळी शिबिर सोडलं तर संस्थेत त्यांना काम नाही. काही संस्थांची मैदानं आता वर्षातले बरेच दिवस लग्नाच्या मांडवांना दिली जातात. संस्था चालवायला पैसा लागतो, हे मला कळतं. पण ज्ञान तर मांडवाला दिलेलं नाही ना?

आणि गावोगाव पंच पाठवण्याचा हा मार्ग मला सुचला तो आपल्याच संस्थानाच्या इतिहासावरून. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मग लोक वाचायला शिकले, पण वाचायला पुस्तक कुठे? १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना आणलं आणि गावोगाव ग्रंथालयं उभी राहू लागली. जिथे ग्रंथालय उभं करणं शक्य नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. गावानं वाचून परत करायच्या, दुसरी पेटी यायची. गावकरी शहरात येऊन पुस्तक घेतील याची वाट पाहिली नाही. फिरती ग्रंथालयं चालवणाऱ्या शहराला फिरते पंच चालवता येणार नाहीत, असं मला वाटत नाही.

कसं करावं हेही विचार करून लिहिते. एका संस्थेनं एकच तालुका घ्यावा. डभोई, पादरा, करजण, सावली, वाघोडिया, शिनोर, डेसर आणि वडोदरा, असे आठ तालुके आहेत, वाटून घेता येतील. दर खेपेला दोघे जावेत, त्यात शक्यतो एक स्त्री. खो-खोच्या अधिकृत सामन्याला दोन पंच, एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच, गावचा सरपंच नव्हे), वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतात. आपण दोघं गेलो तर बाकीचे तीन गावातूनच घ्यायचे, आणि तेच आपले शिकाऊ. वर्षभरानं त्यांची साधी परीक्षा घ्या, संस्थेचं प्रमाणपत्र आणि एक शिट्टी द्या. एकच अट ठेवा : नव्या पंचानं स्वतःच्या गावात पंचगिरी करायची नाही, शेजारच्या गावात करायची. तिथला पंच इकडे येईल. एवढ्या एका अटीनं अर्धी भांडणं मिटतात, हे मी अनुभवानं सांगते. आणि शिकाऊंमध्ये निम्म्या मुली असायलाच हव्यात. त्याबाबत गावाशी घासाघीस करू नका. मुली नसतील तर आम्ही येणार नाही, असं गोड शब्दांत पण आधीच सांगा.

दिवस निवडताना रविवारचा हट्ट धरू नका. शेतमजुराला रविवार नसतो. अनेक गावांत अमासेला शेतीची कामं बंद ठेवतात, तो दिवस बरा. वेळ दुपारी तीननंतरची, आणि दूध भरायच्या आत संपायला हवं. म्हशी कोणासाठी थांबत नाहीत. करजणकडे कापसाची वेचणी जोरात असेल त्या आठवड्यात जाऊ नका, मुली मैदानावर येणार नाहीत, आणि न आलेल्या मुलीला दोष देणं बरोबर नाही.

काहीजण विचारतील, भाड्याचा खर्च? दोन माणसांचं एस. टी.चं भाडं आणि फक्कीची गोणी. गणेशोत्सवाच्या मांडवावर आपण जेवढं खर्च करतो त्याच्या एका कोपऱ्यात हे बसतं. कोणी विचारतील, मुलाला लागलं तर? प्रथमोपचाराची पेटी बरोबर न्या, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर आधीच घ्या, आणि मैदानातले खडे सामन्याआधी गावाकडूनच वेचून घ्या. खडे वेचले जात नाहीत तोवर शिट्टी वाजवायची नाही, हा माझा जुना नियम आहे. भाषेची अडचण आपल्याला नाहीच. आपण वडोदऱ्याचे, घरात मराठी आणि दारात गुजराती.

एक भीती मात्र मला आहे आणि ती लिहून ठेवते. आपण गेलो आणि तिसऱ्याच खेपेला एखादा चपळ मुलगा दिसला की आपला हात शिवशिवेल. त्याला शहरात आणू, आपल्या संघात घेऊ, स्पर्धा जिंकू. त्या मुलानं स्वतः यायचं ठरवलं तर जरूर या म्हणा. पण गावातला सगळ्यात चांगला खेळाडू उचलून नेला की तिथला संघ मोडतो, उरलेल्यांचा उत्साह जातो, आणि पुढच्या वर्षी सामनेच होत नाहीत. मी हे होताना बघितलं आहे. पंचाच्या कामाशी निवडीचं काम मिसळू नका. जो पंच म्हणून जाईल त्यानं त्या वर्षी निवड समितीवर बसू नये.

माझी विनंती एवढीच की आपल्या येत्या कार्यकारिणीच्या सभेत हा विषय घ्यावा आणि कोणता तालुका घेणार ते ठरवावं. सर्व संस्था एकदम तयार होण्याची वाट पाहू नका, दोन संस्था निघाल्या तरी यंदाच्या देवदिवाळीपासून सुरुवात होऊ शकते. नव्या पंचांचे पहिले वर्ग घ्यायला मी येईन, माझी ती पादऱ्याची विद्यार्थिनीही येईल असं तिनं कळवलं आहे. सावली तालुक्यातल्या चार गावांनी मैदानाची जागा आधीच साफ करून ठेवली आहे आणि मला विचारताहेत, कधी येताय?

आपली,
एक निवृत्त व्यायामशिक्षिका,
वडोदरा